आठा म्हणजे आठ नव्हे

आमच्या ह्यांची बदली कलकत्त्याला झाली आणि पाचव्या महिन्यात मी हावड्याच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. तीन महिने परीक्षेवर. ओळखीतल्या बायका कुजबुजल्या, "बायकोला कारखान्यात धाडलंय!" धाडलंय कसलं, मीच हट्टाने गेले होते. आणि टिकून दाखवणार होते.

काचेच्या बाटल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायच्या, खोकं बंद करायचं. मग आगगाडीने आणि पुढे बोटीने माल आसामला. बंद करायला सरस असे. स्टोव्हवर पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून कढत केलेला, आणि वास असा की दुपारी घास उतरू नये. त्या महिन्यात कागदी पट्टीची रिळं नवीनच आली होती. मागे वाळलेला डिंक; ओल्या स्पंजवरून फिरवली की चिकटली.

सरस की पट्टी, हे खात्याचे मुख्य, बडेबाबू ठरवत. एका सकाळी जाता जाता ते म्हणाले, "दीदी, आठा दिये बोंधो कोरबेन." मी मान डोलावली. बंद करा, आठ पट्ट्या लावून; आठ तर आठ! चार वर, चार खाली. संध्याकाळपर्यंत सगळी खोकी पट्ट्यांनी आवळून मी ऐटीत उभी राहिले.

बाबूंनी कपाळाला हात लावला. सरस कढवणाऱ्या म्हाताऱ्याने डबा उचलून माझ्या नाकाशी धरला, "एइ तो आठा, दीदी!" बंगालीत आठा म्हणजे सरस, डिंक, जे चिकटतं ते. सगळं खातं खो खो हसलं. मेलं ते हसणं! माझे कान तापले. बाबू मात्र हसले नाहीत. "सांगितलेलं कळत नाही, त्या बाईला ठेवून काय करू?" असं म्हणाले.

म्हणजे नोकरी चाललीच. मी मोडक्या हिंदीत सुनावलं, "भाषा नाही कळली, काम कळतं. एक सरसाचं खोकं आणा, एक माझं, आणि द्या जिन्यावरून ढकलून."

ढकलली. सरसाच्या खोक्याचं झाकण खालच्या पायरीवर ताडकन उघडलं. वाळलेला सरस काचेसारखा तडकला. माझं खोकं जसंच्या तसं.

तिथेच गप्प बसले असते तर निभावलं होतं. पण बोटीतली ओल माझ्या डोक्यातून जाईना. मी म्हटलं, "आता एक सरसाचं आणि एक पट्टीचं, दोन्ही ओल्या गोणपाटाखाली ठेवा. सकाळी बघू." म्हातारा पुटपुटला, "दीदी, आपल्याच पायावर कशाला धोंडा पाडून घेता?"

पडलाच धोंडा. सकाळी माझ्या पट्ट्या सुटून लोंबत होत्या. झाकणाच्या आतला सरस मात्र घट्ट होता. सगळ्यांदेखत मीच सांगितलं, "आत सरस लावा, वरच्या फटींवर पट्टी. आपटलं तर पट्टी धरील, भिजलं तर सरस."

बाबूंनी विचारलं, "काल जिंकल्या होतात, मग भिजवायला का लावलंत?"

"औषध आहे त्यात, बाबू. तिकडे कुणीतरी आजारी माणूस वाट बघत असेल."

दुपारी मला कायम केल्याचा कागद हातात आला, तिसरा महिना पुरा व्हायच्या आधीच. कारण त्यात लिहिलेलं नव्हतं. पण मला ते पक्कं ठाऊक आहे, आणि आजही मी ताठ मानेने सांगते: जिन्यावर जिंकले म्हणून नव्हे, माझ्याच पट्ट्या मी भिजवायला लावल्या म्हणून मला ठेवलं.