गॅसपाशी काढलेला फोटो

वर्तमानपत्राच्या क्रीडा विभागात मी रुजू झाले तेव्हा त्या खोलीत मी एकटीच बाई होते. आजही एकटीच आहे.

माझं लहानपण खडकीला, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये गेलं. तिथल्या मैदानावर मी मुलांच्यात कबड्डी खेळायचे. पुढे कॉलेजच्या संघात होते. मग गुडघा गेला आणि खेळ सुटला. लिहायला लागलं तर निदान मैदानाजवळ राहता येईल, असं वाटलं होतं. वाट्याला आलं ते टेबल. बाहेरून आलेल्या बातम्या छोट्या करायच्या, धावफलक तपासायचे, शालेय स्पर्धांचे निकाल लावायचे. सामन्यांना बाकीचे जायचे. मी जाऊ का विचारलं की आमचे क्रीडा संपादक चष्म्यावरून बघत म्हणायचे, "जा की. अडवलंय कोणी? फक्त तिथे बायकांची सोय नाही, हे आधी सांगून ठेवतो. नंतर सांगितलं नाही म्हणू नका."

त्यांनी कधी आवाज चढवला नाही, कधी 'अहो'शिवाय हाक मारली नाही. त्यामुळे भांडायचं म्हटलं तरी पकडायला काही मिळत नसे.

अशात धायरीची एक कबड्डीपटू राज्याच्या संघात निवडली गेली. तिचा खेळ मी पाहिला होता. उजव्या कोपऱ्यात उभी राहायची, शांत, जणू खेळात तिला रसच नाही. चढाई करणारी जरा जवळ आली की खाली झेपावून तिचा घोटा धरायची आणि सुटू द्यायची नाही. तिच्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला खरंच आनंद झाला.

"पुरवणीसाठी हवंय," संपादक म्हणाले. "खेळाचं दोन ओळींत आटपा. लग्न झालेली आहे, लहान मुलगी आहे, ते येऊ द्या. आणि स्वयंपाकघरातला एक फोटो."

"पुरुष खेळाडूंचा आपण मैदानावर काढतो."

"त्यांना भाकरी थापता येत असती तर त्यांचाही काढला असता."

फोटोग्राफरच्या स्कूटरवर मागे बसून सिंहगड रस्त्यानं जाताना मी ठरवून टाकलं की तसला फोटो काढायचा नाही. फोटो मैदानावरच काढायचा, खेळाच्या कपड्यांत.

नव्या इमारतींच्या मधल्या बोळात त्यांचं बैठं घर होतं. दारात खुर्ची टाकून सासरे बसले होते. मुलाखत त्यांनीच द्यायला सुरुवात केली. "सून आमची घरचं समदं आवरून खेळती. उगं कुनाला बोलायला जागा ठेवली न्हाय." ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी तिला काही विचारलं की ती आधी त्यांच्याकडे बघायची आणि उत्तर तिकडूनच यायचं.

चहा करायला ती आत गेली तशी मीही मागोमाग गेले. भांड्यांच्या आवाजात ती हळूच म्हणाली, "ताई, फोटो इथंच घ्या. भाकरी करताना."

"अहो, मला तुमचा मैदानावरचा हवाय."

"तो छापून आला तर माझं घराबाहेर पडणं बंद होईल. शिबिराला जायला मामंजी अजून हो म्हणाले नाहीत." गॅस बारीक करून ती बाहेरच्या दाराकडे बघत राहिली. "सून घर सांभाळून खेळते असं पेपरात आलं की ते सगळ्यांना दाखवणार. मग नाही कसं म्हणतील?"

तिनं सगळा विचार करून ठेवला होता. मी वाटभर मनात घोळवलेले शब्द तिथे काही कामाचे नव्हते. मी फोटोग्राफरला हाक मारली. तिनं डोक्यावर पदर घेतला, परात पुढे ओढली आणि हसली.

फोटो मोठा छापून आला. सासरे तिला शिबिरासाठी स्वारगेटला स्वतः सोडायला गेले. मग दुसऱ्या वर्तमानपत्रांचे लोक आले, वाहिन्यांचे आले. सगळ्यांना तोच गॅस आणि तीच परात हवी होती. इकडे आमच्या ऑफिसात माझं कौतुक झालं. "तुम्हाला हे जमतं," संपादक म्हणाले. त्यानंतर शहरातली प्रत्येक महिला खेळाडू माझ्याकडे पाठवली गेली. बॉक्सर, सायकलपटू, तिरंदाज. प्रत्येकीला मी विचारायचे, घर कसं सांभाळता? मला सामना लिहू द्या म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तुमचा हातखंडा यात आहे, तो कशाला सोडता?"

पुढे एक मोठी स्पर्धा पुण्यातच झाली. अंतिम सामना तिच्या संघाचा होता. वार्तांकनाला दुसराच कोणी गेला. मी रजा टाकून प्रेक्षकांत जाऊन बसले. शेवटच्या चढाईला दोन्ही संघ बरोबरीत होते. चढाई करणारी डावीकडे निघाली, तिकडच्या मुली मागे सरकल्या. ही मात्र उजव्या कोपऱ्यात आधीच वाकलेली होती. समोरची गर्रकन वळून तिच्याच अंगावर आली आणि घोट्यात अडकून पडली. मी उभी राहून ओरडत होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

पत्रकार परिषदेत मी ओळखपत्र दाखवून शिरले. मुलीला सोडून राहताना काय वाटतं, सासरचा पाठिंबा कसा आहे, असे प्रश्न चालले होते. मी हात वर केला. "ती उजवीकडे वळणार हे तुम्ही आधी कसं ओळखलंत?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. चेहरा उजळला. तोंड उघडलं, आणि मग नजर पहिल्या रांगेत बसलेल्या सासऱ्यांकडे गेली. "सगळं मामंजींमुळे," ती म्हणाली. टाळ्या पडल्या.

बाहेर संघाची बस हॉर्न वाजवत होती. ती पळत जिन्याखाली आली, माझा हात धरून तिनं मला कोपऱ्यात ओढलं. "ताई, पाय डावीकडे टाकत होती, पण कंबर नव्हती वळत तिची. कंबर बघायची असते. हे बघा, अशी." ती स्वतःच चढाई करणारी झाली, मग स्वतःच पकड करणारी. भराभर बोलत होती. इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "हे छापाल ना?"

"छापते," मी म्हटलं.

मी तसंच्या तसं लिहिलं. संपादकांनी सगळं वाचलं, "चांगलं झालंय," म्हणाले, आणि क्रिकेटमुळे पानावर जागा नाही म्हणून निकाल तेवढा ठेवला. सकाळी तिचा फोन आला.

"ताई, ते कंबरेचं?"

"कापलं."

मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं. "येते," असं म्हणून तिनं फोन ठेवला. ते मला उद्देशून होतं की त्या हाकेला, कळलं नाही.

मी नोकरी बदलायचा प्रयत्न केला. जिथे गेले तिथे माझे पुरवणीतले लेख आवडल्याचं सांगितलं गेलं, आणि तेच काम देऊ केलं. मग आहे तिथेच राहिले.

ती आता राज्याकडून खेळत नाही. धायरीत मुलींना शिकवते. रविवारी मी कधीतरी जाते, गुडघा सांभाळत कडेला उभी राहते. मुली चांगल्या तयार होताहेत. मैदानाच्या तोंडाशी सासरे खुर्ची टाकून बसतात. पकडीनंतर मुली जोरात ओरडल्या की ते नुसती मान वर करतात, आणि मुली आवाज खाली आणतात.