संस्थानच्या हद्दीतला अपघात

माझा थोरला भाऊ कऱ्हाडला एका कारखान्यात फिटर होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, दोन लेथ आणि तेलानं काळवंडलेली सात-आठ माणसं. तेलावर चालणारी इंजिनं दुरुस्त करायची, नवी बसवून द्यायची, हे त्यांचं काम. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा अशी दादाची ख्याती होती, म्हणून परगावचं काम निघालं की मालक त्यालाच धाडत.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. जत संस्थानातल्या एका गावी पिठाच्या गिरणीला इंजिन बसवायचं होतं. आईला ताप होता, दादाच्या मनात जायचं नव्हतं. पण मालक घरी येऊन सांगून गेले, म्हणून गेला. मी तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच मास्तरीण झाले होते. सकाळी निघताना त्यानं मला आईच्या काढ्याचं सांगितलं आणि पिशवी खांद्यावर टाकून गेला.

आठव्या दिवशी कारखान्यात तार आली. मालक टोपी हातात धरून आमच्या दारात उभे राहिले. इंजिन बसवून झालं होतं. चाकावर पट्टा चढवताना गिरणीतल्या कुणीतरी न विचारता इंजिन चालू केलं आणि पट्ट्यात दादाचा उजवा हात सापडला. गावकऱ्यांनी त्याला बैलगाडीतून स्टेशनवर नेलं आणि छोट्या रेल्वेगाडीनं मिरजेच्या इस्पितळात आणलं. आम्ही मालकांबरोबर पोचलो तेव्हा मनगटाच्या वरपासून हात काढून टाकलेला होता.

दादा मालकांना म्हणाला, "मालक, इंजान बेस चाललंय. त्येचा काय दोष न्हाई."

मालक भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

सुरुवातीला ते दर आठवड्याला घरी यायचे. पुढं येणं कमी झालं, मग थांबलंच. दादा दिवसभर खाटेवर बसून डाव्या हातानं गुंडी लावायचा सराव करी. कामावर जखमी झालेल्या कामगाराला मालकानं भरपाई द्यावी असा सरकारी कायदा आहे, हे मी शाळेत आलेल्या वर्तमानपत्रात वाचलं होतं. मी साताऱ्याच्या सरकारी कचेरीला अर्ज लिहिला. रागाच्या भरात मालकांना 'निर्दय' म्हणूनही लिहिलं.

उत्तर आलं की कायदा इंग्रजी मुलखाचा आहे, अपघात मात्र संस्थानच्या हद्दीत झाला; तेव्हा तो या अपघाताला लागू होतो की नाही याचा विचार करावा लागेल. मग मी जतच्या दरबारला लिहिलं. तिथून कळलं, मालक आमच्या संस्थानचे रहिवासी नाहीत, सबब आपण सातारा जिल्ह्यात दाद मागावी. मी दोन्ही कागद दादाला वाचून दाखवले.

दादा म्हणाला, "म्हंजी माझा हात कुठंच तुटला न्हाई म्हणायचा."

शेवटी साताऱ्याहून चौकशीची तारीख आली. आम्ही दोघं आणि मालक एकाच मोटारीनं गेलो, पण ते पुढं बसले आणि आम्ही मागं. कचेरीच्या पायऱ्यांवर दादाचा फेटा सुटला. मला काही तो नीट बांधता येईना. मालक जवळ आले, माझ्या हातातून कापड घेतलं आणि दादाच्या डोक्याला फेटा बांधून दिला. त्यांचा वकील वरच्या पायरीवरून नापसंतीनं बघत होता.

आत वकिलानं सांगितलं की कारखान्याचा या अपघाताशी संबंध नाही. फिटर रजेवर होता, गिरणीवाल्यानं त्याला परस्पर बोलावलं आणि तो आपल्या मर्जीनं गेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठून उभी राहिले, तशी दादानं माझा पदर ओढून मला खाली बसवलं.

चौकशी करणारे साहेब वयस्क होते, मराठी होते. त्यांनी सरळ मालकांनाच विचारलं, "याला तिकडे कुणी पाठवलं?"

वकील खाकरला. मालकांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा दादाकडे पाहिलं.

"मीच धाडला, साहेब," ते म्हणाले. "रजा-बिजा काय नव्हती. त्येची आई तापानं फणफणली हुती. त्यो नको म्हणत हुता. मीच घरी जाऊन म्हणलं, तुझ्याबिगर हे काम हुणार न्हाई."

वकिलानं हातातले कागद मिटले. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कायदा हद्दीवर थांबतो की माणसाबरोबर जातो, हे मला वर विचारावं लागेल," ते म्हणाले. "उत्तर कधी येईल ते सांगता येत नाही. पण तुम्ही दोघांनी समजुतीनं करार केलात तर मी आजच नोंदवून घेतो. मग तो कुणाला मोडता यायचा नाही."

मालक म्हणाले, "कायद्यात जे बसत असंल ते लिवा. मी सही करतो."

कारकुनानं कागद तयार केला. उजवा हात नाही हे बघून त्यानं अंगठा उठवायला दादापुढं शाईची गादी सरकवली. दादानं ती बाजूला केली. "मी साक्षर हाय," म्हणाला आणि डाव्या हातात टाक धरून एकेक अक्षर काढायला लागला. सगळी कचेरी थांबून राहिली.

बाहेर आल्यावर मालक मला म्हणाले, "पोरी, तू अर्जात मला निर्दय लिवलं हुतंस."

"तुम्ही यायचं सोडलंत तेव्हा लिहिलं," मी म्हणाले.

"तोंड दाखवायची लाज वाटत हुती गं," ते म्हणाले. परतीच्या मोटारीत ते आमच्याजवळ येऊन बसले.

भरपाई मिळाली, आणि दोन महिन्यांनी दादा कामावरही गेला. हत्यार धरणं कठीण होतं, पण कान शाबूत होते. इतरांनी जोडलेलं इंजिन तो ऐकून पारखायचा. कारखान्यात त्यानं एक पद्धत घालून दिली. परगावी जाणाऱ्याबरोबर दुसरा माणूस द्यायचा आणि मालकांनी चिठ्ठी लिहून द्यायची: हा माणूस मी, अमुक गावी, माझ्या कामावर पाठवीत आहे. एक चिठ्ठी त्या माणसाच्या खिशात, दुसरी त्याच्या घरी. सुरुवातीला लोक हसले. पुढं चिठ्ठीशिवाय कुणी पाऊल उचलेना.

काही वर्षांत संस्थानं विलीन झाली. मी एकदा दादाला म्हणाले, "आता सगळीकडे एकच कायदा होणार. कशाला लिहिता अजून चिठ्ठ्या?"

दादा इंजिनाला कान लावून बसला होता. मान न उचलताच म्हणाला, "आगं, माणूस परगावी चाललाय. त्येला कुणी धाडलाय, हे घरच्यांस्नी कळाय नको व्हय?"