नॉब ‘सगळे’वर होता

पन्नास प्लेटा घातल्या आणि पत्ते उमटले अडतीस.

मृणालने पुन्हा मोजले. अडतीस. मग मी चष्मा पुसून मोजले. अडतीसच.

“काका, मशीन ठणठणीत झालं म्हणालात ना?”

“झालंय की. आत्ता तुझ्यासमोर वीसपैकी वीस पत्ते काढले.”

“मग बारा माणसं गेली कुठे?”

“तू प्लेटा देताना मोजायला चुकली असशील,” मी म्हणालो. खापर पहिल्यांदा गिऱ्हाइकावर फोडायचं, ही आम्हा मेकॅनिक लोकांची जुनी खोड. तिने ट्रे माझ्यासमोर सरकवला. मी मोजल्या. पन्नास होत्या.

हे सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका साप्ताहिकाचं ऑफिस. मृणाल मालकांची नात. आता बहुतेक लोक अंक मोबाइलवरच वाचतात. पण आजोबांच्या वेळची यंत्रं पुढच्या खोलीत मांडून शाळेच्या मुलांना दाखवायची, असं तिच्या मनात आलं. गोदाम उपसताना पत्ते छापायचं मशीन निघालं. मी चाळीस वर्षं सोलापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत छपाईची, ऑफिसची मशीनं दुरुस्त केली. आता रिटायर झालोय. हे मशीन उघडलेला माणूस मीच उरलो होतो, म्हणून फोन आला. “नुसतं हलतं करून द्या,” एवढंच तिचं म्हणणं होतं.

मशीनचं काम सोपं आहे. पूर्वी हे साप्ताहिक पोस्टाने जायचं. दर आठवड्याला दोनेक हजार पत्ते हाताने लिहायचे म्हणजे बोटं मोडायची. म्हणून प्रत्येक वर्गणीदाराची पत्र्याची एक छोटी प्लेट केलेली असायची. तिच्यावर नाव-पत्ता उठावाच्या अक्षरांत. अशा प्लेटा ट्रेमध्ये ओळीने उभ्या करायच्या आणि मोटर चालू करायची. मशीन एकेक प्लेट ओढून शाईच्या फितीखाली आणतं, वरून दट्ट्या बसतो, कागदाच्या लांब पट्टीवर पत्ता उमटतो. प्लेट पलीकडच्या ट्रेमध्ये जाऊन त्याच क्रमाने उभी राहते. मग पट्टीवरचे पत्ते कापायचे आणि अंकाच्या वेष्टनावर डकवायचे. सगळं इतकं भराभर होतं की एकेक प्लेट नजरेने धरता येत नाही. अक्षरं मात्र इंग्रजी. मराठी अक्षरांच्या प्लेटा आमच्याकडे कुणी करून देत नसे.

मशीन तपासायला माझा स्वतःचा ट्रे होता. वीस प्लेटा, सगळी खोटी नावं, घासूनपुसून लख्ख. कुठेही गेलो की तो बरोबर न्यायचो. मृणालकडेही नेला होता. वीसच्या वीस पत्ते सुरेख उमटले. मी हात झटकले, तिने टाळ्या वाजवल्या. मग खरे वर्गणीदार बघू या म्हणून तिने कपाटातून हाताला लागला तो सांगोल्याचा ट्रे काढला आणि हे बारा बेपत्ता झाले.

मला एवढं अस्वस्थ व्हायला दुसरंच कारण होतं. भिंतीला टेकवून मृणालने एक फलक ठेवला होता. रविवारी ही खोली लोकांना उघडणार होती, तेव्हा तो मशीनच्या वर लागणार होता. मशीनची माहिती होती आणि शेवटी दोन ओळी होत्या. ‘याच मशीनवरचा एक कामगार अंक बाजूला काढून रद्दीत विकत असे. तपासणीत मशीन निर्दोष ठरले आणि चोरी उघडकीस आली.’

“नाव घातलं नाही हं,” ती म्हणाली. “आजोबा सांगायचे तेच लिहिलंय.”

नाव घालायची गरजच नव्हती. पेठेतल्या साठीपुढच्या कुणालाही विचारा. नरसय्या. आणि ती तपासणी करणारा मेकॅनिक म्हणजे मी.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं. नरसय्या माझ्यापेक्षा पुष्कळ मोठे, विणकरांच्या घरातले. तेलुगू वाचायचे, मराठी वाचायचे, इंग्रजी नाही. त्यांना प्लेटा ट्रेवरून आणि जागेवरून ओळखता यायच्या. अंक पोस्टात पोचवेपर्यंतचं सगळं काम त्यांच्याकडे. एकदा सांगोल्याचा एक शेतकरी ऑफिसात येऊन मॅनेजरांवर तापला. “डाळिंबाचा कागद येतोय, पन पेपर न्हाय येत. एका आठवड्याला येतो, एका आठवड्याला न्हाय. कुटं जातो मग?” अशी पत्रंही येऊन पडली होती. शोधाशोध झाली आणि नरसय्यांच्या टेबलाखाली अंकांचा गठ्ठा सापडला. “उरतात साहेब,” ते म्हणाले. “दर वेळी न्हाय, पन उरतात. का उरतात ते कळंना झालंय.”

मॅनेजरांनी मला बोलावलं. “कदम, मशीन नावं गाळू शकतं का?”

“मशीनचं काय कुणाशी वैर आहे, साहेब?” मी म्हणालो. माझा ट्रे लावला. वीसला वीस. मशीनमध्ये दोष नाही, असा रिपोर्ट लिहून सही ठोकली. आठवड्याभरात नरसय्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. पोलीस वगैरे काही नाही. पण पेठ लहान आहे, बोभाटा व्हायला पोलीस लागत नाहीत.

आणि आता माझ्यासमोर तेच मशीन बारा नावं गिळून बसलं होतं.

पहिल्यांदा वाटलं, प्लेटा एकमेकींना चिकटत असतील. रॉकेलने धुतल्या, पुसल्या, परत लावल्या. अडतीस. फीत बदलली. अडतीस. मोटर बंद करून हाताने चाक फिरवत एकेक प्लेट पाहिली. पन्नासही पलीकडे जात होत्या, पण काहींवर दट्ट्या खालीच येत नव्हता. मृणालने गाळलेली नावं कागदावर लिहून काढली. दुसऱ्यांदाही तीच बारा, तिसऱ्यांदाही तीच. जाधव गाळला तर शेजारचा जाधव छापला. एकाच गावातला एक आला, दुसरा नाही.

“यांनी काय पाप केलंय?” मृणाल म्हणाली.

मी गाळलेली एक प्लेट माझ्या ट्रेमध्ये घातली. माझ्या वीस छापल्या गेल्या, ती नाही. माझी एक प्लेट त्या बारांच्या मध्ये घातली. ती एकटी छापली गेली. म्हणजे दोष प्लेटांत? मापं घेतली. लांबी तीच, जाडी तीच. चहा गार झाला. माझं डोकं चालेना. घरी जावं आणि उद्या तब्येत बरी नाही म्हणून कळवावं, असं खरंच मनात आलं.

शेवटी मृणालनेच एक प्लेट खिडकीशी धरली. “काका, हिच्या डोक्यावर हे काय आहे?”

प्लेटेच्या वरच्या कडेला, इतक्या वर्षांच्या शाईत बुडालेला, पत्र्याचा नखाएवढा तुकडा खोचलेला होता. बाराही प्लेटांना होता. बाकी एकीलाही नव्हता.

मी नखाने त्यावरची शाई खरवडली.

असा तुकडा म्हणजे खूण. साप्ताहिकाची महिन्यातून एकदा डाळिंबाची पुरवणी निघायची आणि ती वेगळी पोस्टात पडायची, फक्त बागायतदारांना. त्यांच्या प्लेटांना खूण लावलेली. मशीनच्या बाजूला नॉब होता, त्याच्या तीन जागा: सगळे, खुणेचे सोडून, फक्त खुणेचे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण नॉब ‘सगळे’वर होता. आल्या आल्या मी पाहिलं होतं, म्हणून तो विषय मी मनातून काढून टाकला होता.

नॉब धरून हलवला. तो नुसताच गोल फिरला. दट्ट्याला अडवणारा आतला दांडा जागचा हलला नाही. नॉबच्या पोटातला बारीक स्क्रू झिजून गेला होता. नॉब सांगत होता ‘सगळे’ आणि आत दांडा ‘खुणेचे सोडून’वर बसला होता. त्या काळी स्क्रू नुसता झिजायला लागला असणार. कधी दांड्याला धरायचा, कधी सुटायचा. नरसय्या पुरवणी काढून झाली की नॉब ‘सगळे’वर आणायचे. दांडा मात्र कधी कधी मध्येच ‘खुणेचे सोडून’वर थांबायचा. त्या आठवड्यात बागायतदारांचे पत्ते उमटत नव्हते आणि त्यांचे अंक उरत होते. सांगोल्याचा तो शेतकरी हेच तर सांगत होता. कागद येतोय, पेपर येत नाही.

“म्हणजे त्यांनी चोरी केलीच नव्हती,” मृणाल म्हणाली.

“नाही.”

“मग तुम्ही तपासलं तेव्हा कसं कळलं नाही?”

माझ्या वीस प्लेटांपैकी एकीलाही खूण नव्हती. कधीच नव्हती. आणि मला स्वच्छ आठवलं की त्या दिवशी नरसय्या माझ्यासाठी चहा घेऊन आले होते. म्हणाले होते, “साहेब, एकदा आमच्या प्लेटा लावून बघा की.” आणि मी म्हणालो होतो, “तुमच्या प्लेटा शाईने बरबटल्यात, हात खराब होतात. माझ्या स्टँडर्ड आहेत.” चहाही घेतला नव्हता. मला लाज वाटली. मृणालसमोर बसवेना इतकी वाटली.

नॉब काढून खिशात टाकला आणि विचारत विचारत नरसय्यांचं घर गाठलं. ते असतील की नसतील, याचीच धास्ती होती. सुनेने दार उघडलं. आत ऐंशी ओलांडलेले नरसय्या टॉवेलच्या दशांना गाठी मारत बसले होते. नजर अधू झालेली, बोटं चालू. मी नाव सांगितलं.

“मेकॅनिकसाहेब,” ते म्हणाले. “बसा.”

मी सगळं सांगितलं. खुणा, नॉब, दांडा. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा माझंच मला नीट बोलता आलं नाही. नॉब त्यांच्या हातात दिला. त्यांनी आत करंगळी घालून बराच वेळ चाचपलं.

“स्क्रूच न्हाय हितं.”

“नाही.”

“म्हंजे मी बरोबर मोजत होतो?”

“बरोबर मोजत होता, मामा.”

सून मध्ये बोलली. “टॉवेलच्या कारखान्यात इतकी वर्षं काढली यांनी. पण गठ्ठे मोजायचं काम कधी घेतलं नाही. मुकादम म्हणायचा, वरची जागा घ्या. हे नको म्हणायचे. घरात भाकरीसुद्धा मोजत नाहीत.”

“लोक चोर म्हनायचे त्याचं एवढं न्हाय,” नरसय्या म्हणाले. “म्या केलं न्हाय ते मला म्हाईत होतं. पन अंक उरायचे ते बी खरं. मग वाटायचं, आपल्याच डोक्यात काय तरी बिघडलंय. लई दिवस तेच वाटलं.”

मी माफी मागितली. हात जोडले.

“तवाच म्हनलं होतं की, आमच्या प्लेटा लावून बघा.”

“म्हणाला होता. मी ऐकलं नाही.”

“व्हय. न्हाय ऐकलं,” ते म्हणाले आणि नॉब मला परत दिला. माफ केलं की नाही, हे विचारायचा मला अधिकार नव्हता. दारापर्यंत आलो तेव्हा मागून हाक आली. “चहा घेऊन जावा. त्या वक्ताला बी घेतला न्हाय.”

रविवारपर्यंत मृणालने फलक बदलला. शेवटच्या दोन ओळी गेल्या आणि त्यांच्या जागी नरसय्यांचं नाव आलं, त्यांनी या मशीनवर किती इमानाने काम केलं ते आलं, आणि तपासणी चुकीची होती हेही आलं. खाली माझं नाव घाल, असं मीच तिला सांगितलं. नवा रिपोर्टही लिहून दिला. तेव्हाचा रिपोर्ट चार ओळींचा होता. हा दोन पानं झाला.

नरसय्या मुलाचा हात धरून आले, मागे सून. लोकांनी हार घातला तो त्यांनी खुर्चीवर काढून ठेवला आणि सरळ मशीनपाशी गेले. नॉब फिरवून पाहिला, आता दांडा बरोबर फिरत होता. “सांगोला लावा,” म्हणाले. मृणालने त्या दिवसासाठी खास अंक छापला होता, त्यातले पन्नास मोजून टेबलावर ठेवले. मोटर सुरू झाली. पत्ते कापून झाले, डकवून झाले. नरसय्या प्रत्येक अंक हाताखालून घालवत मोठ्याने मोजत होते. तेलुगूत. सून तोंडाला पदर लावून उभी होती.

पन्नासावा अंक ठेवला. मग ते सावकाश वाकले आणि टेबलाखाली हात फिरवला.

“उरला न्हाय,” ते म्हणाले. “एक बी उरला न्हाय.”

ते अंक मृणालने खरोखरच पोस्टात टाकले. त्यातले निम्मे पुढे पोस्टमनने परत आणून दिले. इतक्या वर्षांत माणसं गेली, घरं बदलली. तो दोष ना मशीनचा, ना नरसय्यांचा.

माझा ट्रे मी मृणालला देऊन टाकला. मशीनशेजारी काचेत ठेवलाय. त्याच्याखालची चिठ्ठी माझ्या अक्षरातली आहे: ‘या वीस प्लेटांवर मशीन कधीही चुकले नाही. म्हणून मशीन यांच्यावर तपासू नये.’