पुलावरच्या खडसेबाई

अमेरिकेतल्या बॉथेलच्या मराठी मंडळात दीपा बोकारेची ओळख एवढीच, की गणपतीत दीडशे माणसांचा मसालेभात तिच्याकडे सोपवावा आणि निश्चिंत व्हावं. एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये ती तपासणीचं काम करते, बोलते कमी, आणि मीटिंगला पाच मिनिटं आधी येऊन बसते. हीच बाई एके काळी दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी अकरा वाजता खांद्यावर कुऱ्हाड टाकून एका लाकडी पुलावर उभी राहायची, हे मंडळात कोणाला सांगितलं तर लोक आधी हसतील आणि मग तिच्या तब्येतीची चौकशी करतील. म्हणून तिने ते कधी कोणाला सांगितलं नाही.

झालं असं, की २००८ साली राजेशशी लग्न होऊन ती नागपूरहून इथे आली ती डिपेंडंट व्हिसावर. म्हणजे हातात मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी., वर्गात दुसरी आलेली, आणि नोकरी करायची परवानगी नाही. गाडी चालवता येत नव्हती. बस तासाला एक. राजेश सकाळी आठला जायचा तो सातला यायचा, आणि मधले अकरा तास घरात फ्रिजचा आवाज. सहा महिन्यांत तिने तीन वेळा सगळी कपाटं लावली. चौथ्यांदा लावायला घेतली तेव्हा राजेश घाबरला आणि त्याने आपला एक ऑनलाइन गेम तिच्या लॅपटॉपवर टाकून दिला. "खेळून तर बघ, टाइमपास होईल," म्हणाला. त्याला स्वतःला तो दोन आठवड्यांत कंटाळवाणा वाटला होता.

गेमचं नाव ग्रेमार्च. जगभरातली हजारो माणसं एकाच वेळी त्या एका कल्पनेतल्या देशात वावरायची. प्रत्येकाने आपलं एक पात्र बनवायचं, उत्तरेकडचं किंवा दक्षिणेकडचं. दोन्ही बाजूंचं कायमचं वैर, आणि गावाची वेस ओलांडली की पलीकडचा कोणीही तुम्हाला ठार मारू शकतो. बनवणाऱ्यांनी त्यात एक मेख मारून ठेवली होती. शत्रूने टाइप केलेलं तुम्हाला कळायचं नाही, सगळी अक्षरं उलटीपालटी होऊन दिसायची. एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूला पत्रसुद्धा पाठवू शकत नसे. पोचायच्या त्या फक्त खुणा: वाकणं, हात हलवणं, बसणं, टाळ्या वाजवणं.

दीपाने आपल्या पात्राचं नाव ठेवलं खडसेबाई. शाळेत पी.टी. शिकवणाऱ्या खडसेबाईंना अख्खा वर्ग टरकून असायचा, आणि परक्या मुलखात कोणीतरी आपल्यालाही टरकावं असं तिला तेव्हा फार वाटत होतं.

प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात तीच टरकली. खडसेबाई पुलावर मासे पकडत होत्या आणि समोरून हिरव्या अंगरख्यातला एक धिप्पाड तलवारवाला आला. डोक्यावर नाव, मॉसबॅक. दक्षिणेचा. दीपाने स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसल्या बसल्या डोळे मिटून घेतले. उघडले तर खडसेबाई जिवंत, आणि मॉसबॅक कमरेत वाकून उभा. त्याने तलवार उपसली नाही. वाट बघत राहिला. तो नमस्कार करतोय हे कळायला तिला मिनिट लागलं, आणि उलट नमस्कार करायचं बटण शोधायला आणखी पाच. तो तेवढा वेळ थांबला. मग ती वाकली, आणि चार घावांत त्याने तिला आडवं केलं.

गेमच्या नियमाप्रमाणे मेलेल्याचं भूत लांबच्या स्मशानातून चालत आपल्या देहापाशी येतं आणि पुन्हा जिवंत होतं. खडसेबाई धापा टाकत परत आल्या तर मॉसबॅक त्यांच्या देहाशेजारी राखण करत उभा होता. अंगावरचं काही काढून घ्यायची त्याला मुभा होती, पण कशालाही हात लावलेला नव्हता. उलट जवळ आलेल्या दोन लांडग्यांना त्याने लोळवून ठेवलं होतं. ती जिवंत झालेली पाहून तो पुन्हा वाकला आणि निघून गेला. मारलं खरं, पण रीतीने मारलं. दीपाला दिवसभर त्याचंच आश्चर्य वाटत राहिलं.

त्या गेममध्ये असली रीतभात पाळणारे मोजकेच. बाकीचे मागून वार करायचे, एकाच माणसाला पुन्हा पुन्हा मारायचे आणि वर त्याच्या देहावर नाचायचे. मॉसबॅक तसला नव्हता. तो मंगळवारी आणि गुरुवारी अकराला यायचा, एक वाजायच्या आत निघून जायचा, आणि दीपाही त्या वेळा पाळायला लागली. अक्षर न बोलता तिला तो शिकवत गेला. जखमी असलीस तर आधी भाकरी खा, मी थांबतो. एका दिवशी एकदाच लढायचं, हरलेल्याला दुसऱ्यांदा मारायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बसणं. कोणी खाली बसलं तर त्याचा अर्थ, आज लढायचं नाही. एकदा दीपाला सणकून ताप होता, खडसेबाई पुलावर येऊन बसल्या. मॉसबॅकने पाहिलं, तलवार म्यान केली आणि समोर बसला. दोघं शत्रू चाळीस मिनिटं खालचं पाणी बघत बसले. राजेश सोडला तर अख्ख्या अमेरिकेत आपली वाट बघणारं एवढं एकच माणूस आहे, हे त्या दिवशी तिच्या लक्षात आलं आणि तापात तिला रडू आलं.

त्याला पहिल्यांदा हरवायला तिला चौदा महिने लागले. मॉसबॅकचं भूत परत आलं, जिवंत झालं, आणि त्याने उभं राहून इतका वेळ टाळ्या वाजवल्या की दीपा लाजली. राजेश संध्याकाळी आला तेव्हा घरात श्रीखंड होतं. कशाबद्दल, ते त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे एका माणसाला मारल्याबद्दल?" पण दोनदा वाढून घेतलं.

हे असं तीन वर्षं चाललं. मग २०११च्या ऑक्टोबरात राजेशचा मावसभाऊ देवांग अर्विंगहून आठवडाभर राहायला आला. चोवीस वर्षांचा, उत्साही, बोलघेवडा. गुरुवारी सकाळी राजेश आणि दीपा हॉस्पिटलला निघाले होते, पहिल्या सोनोग्राफीला. देवांग म्हणाला, "वहिनी, तुम्ही येईपर्यंत तुमचा तो गेम खेळू का? बोअर होईन नाहीतर."

पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? दीपाने लॉगिन करून दिलं. दूध कुठे आहे, चिवड्याचा डबा कुठला, हीटर कसा वाढवायचा, सगळं सांगितलं. पुलावरच्या माणसाचं तेवढं सांगायचं राहिलं. त्या दिवशी तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच, आणि आज गुरुवार आहे हेही नव्हतं.

दुपारी ती हातात बाळाचा काळापांढरा फोटो घेऊन परत आली. देवांगने फोटो पाहिला, अभिनंदन केलं, आणि मग आपली बातमी सांगितली. "वहिनी, तुमचा तो हिरवा दुश्मन आला होता. अकरा वेळा उडवला त्याला. काय येडा माणूस आहे यार, दर वेळी परत यायचा आणि माझ्यासमोर खाली बसायचा. हातच उचलत नव्हता."

पाहुण्याला बोलायचं नाही, या संस्काराचा तिला आयुष्यात तेवढा राग कधी आला नसेल. ती "हो का?" म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

पुढच्या मंगळवारी ती अकराच्या आधीच पुलावर जाऊन बसली. मॉसबॅक आला नाही. गुरुवारी नाही, नोव्हेंबरात नाही, डिसेंबरात नाही. ते मी नव्हते, हे सांगायला तिच्यापाशी भाषा नव्हती, पत्र नव्हतं, त्याचं खरं नाव नव्हतं. तिने गेमच्या चर्चेच्या पानावर लिहून पाहिलं. तिथल्या पोरांनी तिची यथेच्छ टर उडवली. शत्रूला मारलं म्हणून माफी मागणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती.

एप्रिलमध्ये आन्या झाली आणि गेम मागे पडला. २०१५ साली डिपेंडंट व्हिसावरच्या काही जणींना कामाची परवानगी मिळाली, त्यात दीपा होती. लॅब आली, घर आलं, गाडी आली. देवांगची दोन मुलं आता तिला मोठी काकू म्हणून गळ्यात पडतात, आणि देवांग तो गुरुवार केव्हाच विसरला आहे. दीपा विसरली नाही. रस्त्यात कोणी तिला आधी जाऊ दिलं किंवा लिफ्टमध्ये दार धरून उभं राहिलं, की तिला तो माणूस आठवायचा, आणि त्याच्या लेखी आपण नीच ठरलो हे मागोमाग आठवायचं. राजेशला तिने एकदा हे सांगितलं. तो हसला नाही, याबद्दल त्याचे शंभर गुन्हे माफ.

या वर्षी मार्चमध्ये तिला गेमच्या कंपनीची ईमेल आली. ग्रेमार्च कायमचं बंद होणार. शनिवारी दुपारी बारा वाजता शेवट. त्याआधीचा आठवडा सगळ्या जुन्या खेळाडूंना दार उघडं, आणि निरोपाची भेट म्हणून दोन्ही बाजूंना एकमेकांची भाषा कळेल.

दीपाने आठवड्याची रजा टाकली. तिने रजा टाकली म्हणजे कोणीतरी गेलं असणार, असं समजून बॉसने हळहळ व्यक्त केली.

"आई, इट्स जस्ट अ गेम," आन्या म्हणाली. "ही प्रॉबब्ली डझन्ट इव्हन रिमेंबर यू."

"नसेल आठवत तर बरंच आहे," दीपा म्हणाली. "पण आठवत असेल तर त्याला खरं काय ते कळलं पाहिजे ना गं."

सोमवारपासून ती रोज अकराला पुलावर जाऊन बसली. काय लिहायचं ते तिने कागदावर उतरवून ठेवलं होतं, चार ओळी, दहा वेळा खोडलेल्या. पुलावरून शेकडो माणसं गेली. उत्तरेचे आणि दक्षिणेचे गळ्यात गळे घालून चालले होते, जुने वैरी एकमेकांना तुझं खरं नाव काय विचारत होते. मंगळवारी तो आला नाही. गुरुवारीही आला नाही. शुक्रवारी राजेशने तिच्या शेजारी चहा ठेवला.

शनिवारी साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. अकरा वाजून एकावन्न मिनिटांनी पुलाच्या दक्षिणेच्या टोकाला हिरवा अंगरखा दिसला.

दीपाने खडसेबाईंना उठवून कमरेत वाकवलं. तिने कागद जवळ ओढला आणि पहिली ओळ टाइप करायला घेतली. 'मला तुमची माफी मागायची...' इतकं लिहून झालं होतं, तोवर त्याचे शब्द आधी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ, वाचता येणारे.

'तुम्ही जिवंत आहात.'

तिला आधी अर्थच लागला नाही. तिने लिहिलं, 'त्या दिवशी मी नव्हते. घरी पाहुणा आला होता. त्याला नियम माहीत नव्हते.'

'तुम्ही नव्हता हे मला पहिल्याच घावाला कळलं,' तो लिहीत होता, हळूहळू, एका बोटाने टाइप करणाऱ्या माणसासारखा. 'बसलेल्या माणसावर तुम्ही हात उचलणार नाही. म्हणून मी परत येऊन बसत राहिलो. वाटलं, तुम्ही शेजारीच असाल, बघाल, त्याला थांबवाल. अकराव्यांदा कळलं की तुम्ही तिथे नाही.'

आणखी एक ओळ आली. 'त्याच उन्हाळ्यात माझी बायको गेली होती. मला दुसरं काही सुचलंच नाही. खडसेबाई गेल्या आणि घरातलं कोणीतरी त्यांचं पात्र चालवतंय, असं धरून चाललो. तुमच्या रूपात दुसरं कोणी मला बघवेना, म्हणून आलो नाही.'

पाच मिनिटं उरली होती. त्याने सांगितलं की तो स्पोकेनला शाळेची बस चालवायचा, सकाळच्या आणि दुपारच्या फेरीच्या मधे घरी यायचा, आता निवृत्त आहे, आणि त्याचं खरं नाव रस आहे. स्पोकेन. दीपाच्या घरापासून गाडीने साडेचार तास. दर नोव्हेंबरात रसच्या चर्चमध्ये गेलेल्या माणसांची आठवण म्हणून त्यांची नावं वाचतात. बायकोच्या नावाच्या खालच्या ओळीत तो खडसेबाईंचं नाव लिहून देतो. पाद्र्याला ते अजून नीट म्हणता येत नाही.

'माझं नाव दीपा,' तिने लिहिलं. 'फोन नंबर देते, लिहून घ्या.' आणि नंबर दोनदा टाइप केला, घाईत एखादा आकडा चुकू नये म्हणून. 'मिळाला,' असं त्याचं आलं, आणि बारा वाजले.

राजेश दारात उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. "आला होता?" त्याने विचारलं.

"आला होता."

"मग? होता का रागावलेला?"

दीपाने नकाराची मान हलवली. बोलायला लागली तेव्हा ती हसत होती की रडत होती, ते राजेशला कळेना.

"रागावला नव्हताच रे कधी," ती म्हणाली. "मी इकडे चौदा वर्षं शरमेने मरत होते, आणि तो बिचारा तिकडे माझं सुतक पाळत होता."