बँडचा फोटो काढला अन् क्लारनेट वाजलं

जय भीम, नमस्कार, सलाम... ज्याले जे चालते ते त्यानं घ्यावं.

या ग्रुपवरच्या गोष्टी मी बरेच दिवसापासून वाचून राह्यलो. तोंडावर सांगतो, अर्ध्या मले थापा वाटतात. कोणाले पिंपळाखाली बाई दिसते, कोणाच्या गाडीवर मागं कोणीतरी येऊन बसते... मी जन्मभर वराती वाजवल्या, पहाटे पहाटे मसणवट्यातून एकटा घरी आलो. मले कधी काही दिसलं नाही. आमचं घर बुद्धाचं. आत्मा-बित्मा आम्ही मानत नाही. मेला तो मेला, हे मी साऱ्या भावकीले ठणकावून सांगत आलो. अजूनही सांगतो.

तरी हे लिहून राह्यलो. चौथीतून शाळा सुटली माझी. एका बोटानं टाइप करतो, चुका असतील. हसायचं त्यानं हसावं.

मी साखरखेर्ड्याचा. सिंदखेड राजा तालुका, जिल्हा बुलढाणा. आमचा ब्रास बँड होता. नाव सांगत नाही, पोरांची बदनामी नको. मी त्यात मोठा ढोल वाजवायचो, गळ्यात अडकवायचा असतो तो. माझा मोठा भाऊ बँडचा मास्तर. क्लारनेट त्याचं. सारे त्याले मास्तर म्हणत, मी सख्खा भाऊ असून मास्तरच म्हणायचो. असं क्लारनेट धाडपासून लोणारपर्यंत कोणाचं नव्हतं. हे मी भाऊ म्हणून नाही सांगत, ज्याले कान आहेत त्याले विचारा.

मास्तर मागच्या साली वारला. छातीचं दुखणं होतं. तो गेला अन् बँड पांगळा झाला. त्याचा पोरगा संजू, माझा पुतण्या, ट्रम्पेट वाजवते. त्यानं बँड हाती घेतला, पण क्लारनेटवाला मिळेना. त्यात हे डीजे. गाडीवर भिंतीएवढे डबे बांधतात अन् घराचे पत्रे हालवतात. आमच्या तारखा कमी होत होत हाताच्या बोटावर आल्या.

संजूनं मले साफ सांगतलं होतं, "काका, यंदाच्या लग्नसराईत तारखा नाही आल्या तं मी चाललो संभाजीनगरले. साडू कंपनीत लावून देतो म्हनते."

"अन् बँड?"

"बँड कायचा काका? नुसते कोट उरले अन् तुमी."

मले ते लागलं. आमच्या बापानं उभा केलेला बँड होता तो. मी म्हटलं, मी जित्ता आहे तोवर बंद नाही पडू देत.

तर झालं असं की मेहकरकडच्या एका मंगल कार्यालयवाल्यानं संजूले फोन केला. त्याच्याकडं लग्नाची पार्टी आली की तो त्यायले बँडचे फोटो दाखवते, ज्याले जो पसंत पडला तो. तो म्हणे, तुमचा साऱ्या माणसायचा, कोट-टोपीसकट, वाजे घेतलेला एक चांगला फोटो आज संध्याकाळपर्यंत पाठवा, बोर्डावर लावतो. संजूच्या तोंडावर कितीक दिवसानं उजेड दिसला. तो फोटो लागला असता तर सराई निघाली असती, अन् संजू गावात राह्यला असता. एवढंच होतं सारं.

फोटोवाल्याले सांगून ठेवलं होतं. तो आलाच नाही. त्याले म्हणे लोणारच्या सरोवरावर नवरा-नवरीचे लग्नाआधीचे फोटो काढायले जायचं होतं. लग्नाआधी कायचे फोटो काढतात, मले अजून समजलं नाही.

आम्ही बाजारओट्यावर कोट घालून उभे. बाजाराचा दिवस नव्हता, मैदान रिकामं. दोन-चार बकऱ्या, अन् वरून दुपार. संजू म्हणे, "राहू द्या काका, उद्या पाहू."

मी म्हटलं, "उद्या कायले? आण तो मोबाइल इकडं. टिकली दाबायची तं हाये."

रफिकभाई आमचा जुना बाजेवाला, मोठा पितळी वाजा वाजवते. तो हसला. "काका, ढोल ठोकना अलग, फोटो निकालना अलग।"

"तू उभा राह्य गुमान," मी म्हटलं.

आता आमच्या धंद्याची एक रीत सांगतो, लपवत नाही. माणसं कमी पडले की कोणालेही कोट-टोपी चढवायची, हाती एखादा वाजा द्यायचा अन् रांगेत उभं करायचं. तो नुसते गाल फुगवते. लोक माणसं मोजतात, आवाज मोजत नाहीत. अशा माणसाले आम्ही मुका म्हणतो. मी ढोल खाली ठेवून फोटो काढणार म्हणून माझ्या जागी एक मुका लागला, तो रस्त्यावरून धरून आणला. अन् क्लारनेटशिवाय बँडचा फोटो म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. म्हणून मीच घरून मास्तरचं क्लारनेट आणलं अन् पुंजाजीच्या हाती देलं.

पुंजाजी हमाल आहे, आमच्याच आळीतला. त्याचे समोरचे दात बैलानं पाडलेले. दाताशिवाय क्लारनेट धरताच येत नाही, वाजवायची गोष्ट दूर. अन् त्या क्लारनेटात पत्ती पण नव्हती. पत्ती म्हणजे तोंडाशी बांधायची बारकी काडी, तिच्यावरच आवाज निघते. मास्तर वाजवून झालं की पत्ती काढून खिशात ठेवायचा. ती त्याच्या खिशात त्याच्यासंगंच जळाली. म्हणजे ते क्लारनेट नुसतं लाकूड होतं.

संजूले ते पटलं नाही. "काका, बाबाचं क्लारनेट पुंजाजीच्या हाती?"

पुंजाजी म्हणे, "मी काही खाऊन नाही टाकत रे ते!"

सारे हसले. संजू पण हसला. मी बळ आणून म्हटलं, चला, रांग धरा.

पहिला फोटो काढला तर साऱ्याचे तोंडं काळे. सूर्य त्यायच्या मागं होता, मले काय माहीत. रफिकभाई मोबाइल पाहून म्हणे, "काका, ये तो कोयले की खान का बँड है!" मग त्यायले उलटं फिरवलं. सूर्य तोंडावर आला तर साऱ्याचे डोळे बंद. मग डोळे उघडे आले तर बूट कटले. बुटाले सकाळी सकाळी पॉलिश केलं होतं संजूनं. मग एकात माझा अंगठाच आला, अर्धा बँड अंगठ्याखाली.

"काका, द्या ना माह्याकडं," संजू म्हणे.

मी काऊन देऊ? मी म्हटलं, आता शेवटचा. माझ्या लग्नात स्टुडिओवाल्यानं आमचा फोटो काढला होता, तेव्हा तो म्हणाला होता, श्वास धरा अन् डोळा हालवू नका. तसंच मी त्यायले सांगतलं. वाजे तोंडाले लावा, गाल फुगवा, अन् मी सांगतो तोवर दगड होऊन राहा. फुंकायचं कोणी नाही.

मी टिकली दाबली. खट् असा आवाज नाही आला म्हणून मी तसाच धरून राह्यलो. मोबाइल हालू नये म्हणून मी पण श्वास धरला. मैदानात सारं चूप. एक बकरी ओरडली, सुलतानपूरकडची एसटी हॉर्न वाजवत गेली. बाकी काही नाही. हे मी कानानं ऐकलं, अन् सगळ्यायनं ऐकलं. शेवटी रफिकभाईले वाज्याचं वजन झालं अन् तो म्हणे, "काका, मार डालोगे क्या?" मग मी मोबाइल खाली केला.

ओट्याच्या सावलीत बसलो. संजूनं मोबाइल उघडला अन् कपाळाले हात लावला.

"काका, हा तं व्हिडिओ काढला तुमी!"

सारे लोळून हसले. संजू म्हणे असू द्या, चालू करू, त्यातला एखादा चांगला फोटो कापून घेता येते. त्यानं चालू केला.

सगळे दगडासारखे उभे दिसत होते. बकरी ओरडली. अन् मग क्लारनेट वाजलं.

आधी वाटलं दुसऱ्या कोणाच्या मोबाइलात गाणं लागलं. पुंजाजी आपले खिसे चाचपायले लागला. पण आवाज त्या व्हिडिओतूनच येऊन राह्यला होता. एसटीचा हॉर्न मधून गेला, तो पण क्लारनेटच्या मागून ऐकू आला. म्हणजे दोन्ही एकाच हवेतले. पडद्यावर पुंजाजीचे बोटं हालत नव्हते. कोणाचेच हालत नव्हते. फक्त मागची एक बकरी खाता खाता थांबली अन् पुंजाजीकडं मान करून पाहत राह्यली.

कोणती चाल होती ते सांगतो. लग्न लागलं, नवरी जीपमध्ये बसली, की मास्तर एकटा वाजवायचा. ढोल नाही, ताशा नाही, कोणी नाही. त्याची सोताची चाल होती, कोणत्या सिनेमातली नाही. आम्ही तिले सुट्टी म्हणायचो. ती वाजली की वाजे खोळीत. त्यानंतर त्या दारात कोणी वाजवायचं नाही, हा मास्तरचा कायदा. एकदा धाड गावात नवरदेवाचे दोस्त पिऊन अडून बसले, अजून एक वाजवा म्हणून, पाहिजे तेवढे पैसे घ्या. मास्तर म्हणे, "सुट्टी वाजली. आता वाजवलं तं त्या पोरीचं जानं खोटं होते."

अन् ती चाल त्या मोबाइलात वाजत होती. शेवटच्या ओळीच्या आधी मास्तरले दम पुरायचा नाही, तो मध्येच दोन बारके श्वास घ्यायचा. ते दोन श्वास पण आले. मग चाल संपली. मग रफिकभाईचं "मार डालोगे क्या". मग माझा पाय, मग माती.

रफिकभाईनं पुंजाजीच्या हातून क्लारनेट घेतलं, तोंडाकडचं टोक फिरवून फिरवून पाह्यलं. "इसमें तो पत्ती ही नहीं है," म्हणे. मले नाही सांगत होता, सोतालेच सांगत होता.

संजू उठला. त्यानं आपलं ट्रम्पेट पुसलं अन् खोळीत घातलं. त्याच्या मागं सगळ्यायनं घातलं. कोणी कोणाले सांगतलं नाही. जसं नवरीची जीप गेल्यावर घालतात, तसं.

मी म्हटलं, "काय करून राह्यले रे? फोटो बाकी हाये!"

"सुट्टी वाजली काका," संजू म्हणे.

"कायची सुट्टी? मोबाइलात बिघाड असंन. मेलेला मानूस वाजवत नाही. आपन मानत नाही हे!"

"मी बी नाही मानत," तो म्हणे. "पन बाबानं वाजवली."

मले राग आला. मी ढोल गळ्यात अडकवला अन् ठोकला. एकट्यानं. कोणी तरी वाजा उचलेल, एक जण जरी उचलला तर ती सुट्टी मोडेल, असं मले वाटलं. वरातीचा ठेका धरला. मैदानात माझा ढोल घुमला अन् ते सारे कोटाच्या गुंड्या सोडत राह्यले. रफिकभाईनं माझ्याकडं पाह्यलं, मान खाली घातली. हात भरून आले तरी मी ठोकत राह्यलो. मग संजूनं येऊन माझ्या हातातलं टिपरूच धरलं.

"काका, बस्स. लोक पाहून राह्यले."

संध्याकाळी फोटो गेला नाही. बोर्डावर दुसऱ्याचा लागला. संजू संभाजीनगरले गेला, बायको-लेकरं पण नेले. रफिकभाई भावाच्या फळाच्या गाड्यावर बसते. दिसला की सलाम करते, बँडचं बोलत नाही.

मी शोध केला, असा सोडणारा माणूस नाही मी. आसपास कुठं लग्न होतं का? नव्हतं, तारीखच नव्हती. दुसरा कोणी क्लारनेटवाला? पंचक्रोशीत नाही. मास्तरचं जुनं रेकॉर्डिंग मोबाइलात असेल? सुट्टी त्यानं कोणाले भरू देली नाही कधी, मोबाइल वर केला की तोंडातून क्लारनेट काढायचा. चिखलीच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याले विचारलं. तो म्हणे, आजोबा, मागं दुसरं काही चालू असेल. मी म्हटलं, चालू होतं तर बकरीनं कसं ऐकलं? तो मले वरून खालपर्यंत पाहायले लागला.

पुंजाजीले खोदून खोदून विचारलं. तो एवढंच म्हणे, "काका, तोंडाशी ओलं लागलं व्हतं. मले वाटलं माहीच थुकी असंन."

संजू पोळ्याले गावी आला तेव्हा मी त्याले म्हटलं, एक वेळ ऐकव. भाऊ होता माझा. सुट्टी सोडून दे, नुसते ते दोन श्वास ऐकव. त्यानं मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणे, "काका, मी तो व्हिडिओ तवाच मिटवला. राह्यला असता तं मी रोज ऐकला असता अन् कंपनीत गेलोच नसतो."

म्हणजे तुम्ही म्हणाल पुरावा दाखवा, तर तो पण नाही. मानू नका, मी तुमच्या जागी असतो तर मी पण नसतं मानलं.

पण मले एकच गोष्ट सुटत नाही. तो मास्तर नसेल, तर एका बिघाडापायी बापाचा बँड मोडला अन् तो बिघाड माझ्या बोटानं झाला. अन् तो मास्तर असेल... तर त्यानं आपल्याच तोंडानं आपला बँड बंद केला, मी जित्ता असून, मले न विचारता. दोन्हीतलं कोणतं खरं धरावं, मले समजत नाही. कोणाले समजत असेल तर लिहा. मी वाचतो. पटेल असं वाटत नाही.