‘बस’ या एका शब्दापायी

त्याला सगळे हळूदादा म्हणत. जेसीबी चालवणाऱ्या माणसाला असं नाव पडावं हे नवलच, पण ते त्याने स्वभावाने कमावलं होतं. दार लावलं तर शेजारच्यालाही कळायचं नाही. कपात चहा घेतला की त्यावर साय धरायची. मुकादम म्हणायचा, "हळूदादाने जांभई द्यायला घेतली की आपण जेवून यावं. परत येईपर्यंत तोंड मिटत आलेलं असतं." हळूदादा हसायचा, तेही सगळ्यांचं हसून झाल्यावर.

पण मोठे धोंडे हलवायचे असले की त्यालाच बोलावणं यायचं. तो धोंडा कधी उंच उचलायचा नाही. उतारावर मशीन धोंड्याच्या वरच्या अंगाला लावायचा, मशीनचे दोन्ही पाय मातीत घट्ट रोवायचा, सोंड पलीकडे नेऊन बकेटने धोंड्याला खालून कवेत घ्यायचा आणि लहान मुलाला मागे ओढावं तसं आपल्याकडे ओढत आणायचा. आधीच खणलेल्या खळग्यात धोंडा नीट टेकला की इशारे द्यायला बाजूला उभे असलेले मदतनीस काका ओरडायचे, "बस!" म्हणजे धोंडा बसला, आता बकेट सोड. मशीनवरून धोंड्याची पलीकडची बाजू दिसत नाही, त्यामुळे सगळी भिस्त त्या एका शब्दावर. वर्षानुवर्षं दोघांत तेवढंच बोलणं चाललं. मग काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि ते घरी राहिले.

त्यांच्या जागी आला हळूदादाचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. आजवर तो टेम्पोवर क्लीनर होता.

"अहो, उतावळा आहे तो," निघताना बायको म्हणाली. "आईमागे मीच वाढवलाय त्याला. जसा नेताय तसा परत आणा."

"आणतो."

"एवढं म्हणायलाही किती वेळ लावता!" ती हसली, पण आत जाऊन देवापुढे हात जोडून उभी राहिली. मागणं दोघांसाठी होतं. भावासाठी जरा जास्तच.

त्या दिवशीचा धोंडा उतारावर, एका घराच्या अगदी डोक्यावर होता. त्याच्या पाठीमागे ओल्या मातीची फट पडली होती. मशीन अजून सुरूही नव्हतं, तरी धोंड्याखालून बारीक खडी आपोआप ओघळत होती, थांबत होती, पुन्हा ओघळत होती. घरातली बाई मूल कडेवर घेऊन आली.

"दादा, मागचं दार लागेनासं झालंय बघा. सुतार म्हणतो दार चांगलं आहे, चौकटच कललीय."

हळूदादाने जाऊन दार ढकललं. त्याच्या हाताला दार कधी अडलं नव्हतं. हे अडलं. म्हणजे वरची माती घराला रेटत होती.

"ताई, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. लांब, रस्त्यापलीकडे थांबा."

परत येऊन तो मेहुण्याला म्हणाला, "पाहुणे, बाजूला उभं राहायचं. धोंड्याच्या खालच्या अंगाला कुणी जायचं नाही. बूट कुठेत?"

"चावतात हो, दाजी. चप्पल नवी आहे, बघा."

"मोठ्याने ओरडायचं. मला ऐकू आलं पाहिजे."

"कळलं. तुमचं सांगून होईपर्यंत धोंडाच कंटाळून जागेवर जाईल."

नेमकं काय ओरडायचं, ते सांगायचं राहिलं. काकांना कधी सांगावंच लागलं नव्हतं.

काम सुरू झालं. "येऊ द्या, येऊ द्या," मेहुणा टेम्पो मागे घेताना म्हणावं तसा हात हलवत होता. धोंडा तसूतसूने वर सरकत खळग्याच्या काठाशी आला आणि खाली एक दगड आडवा अडकला. तो काढावा म्हणून मेहुणा ओरडला, "बस!" टेम्पोवर याचा अर्थ एकच होता: थांबा. आणि तो खालच्या अंगाला वाकला.

हळूदादाने बकेट सोडायला घेतली.

दुसरा कुणी असता तर त्याने एका झटक्यात सोडली असती. देवाने या माणसाला हळू घडवलं ते याच घडीसाठी असावं. हातातला दांडा केसभर सरकला आणि धोंडा बकेटवर रेलला. बसलेला धोंडा असा रेलत नाही. मशीनचा एक पाय मातीतून वर आला.

"पाहुणे?"

"दाजी, मी इकडे आहे!" आवाज धोंड्याखालून आला. "चप्पल रुतलीय."

"पाय काढून घे. पळू नकोस, सरकत बाजूला ये."

"नवी आहे हो..."

"काढ म्हणतो ना!"

हळूदादाचा असला आवाज कुणी ऐकलेला नव्हता. खडी आता थांबत नव्हती. दांडा तसाच धरून हळूदादा धोंड्याच्या कडेकडे पाहत राहिला. आधी एक खांदा दिसला, मग मेहुण्याचा पांढराफटक चेहरा, मग अनवाणी पाय.

धोंडा आता वर येणार नव्हता. मशीनच त्याच्यामागे निघालं होतं. हळूदादाने त्याला तोलत, रोखत खाली जाऊ दिलं. मेहुणा वाकला होता नेमक्या त्याच जागी खडक लागला आणि धोंडा थांबला. घराच्या आणखी जवळ.

"बसला का?" मुकादमाने विचारलं.



"आज घरात कुणी झोपायचं नाही," एवढंच हळूदादा म्हणाला.

संध्याकाळी दोघं घरी आले. बायकोचा जीव भांड्यात पडला. "आलात! बसा, वाढते," ती म्हणाली. त्या शब्दासरशी दोघंही होते तिथेच थिजले. मग तिचं लक्ष खाली गेलं.

"चप्पल कुठे रे तुझी? एकच?"

मेहुण्याने दाजींकडे पाहिलं. हळूदादाने वळून दार लावलं, आणि ते लागलं का, हे पुन्हा एकदा ढकलून पाहिलं.