गुंताबाईने नाव घेतलं

चोपड्याच्या वर, डांबरी रस्ता संपतो तिथून एक पायवाट अभयारण्यात चढते. सागाच्या रानातून, नाला ओलांडून ती कड्यावर जाते. कड्यावरून खाली तापीचं अख्खं खोरं दिसतं. ही वाट लोकांना फिरण्यासाठी खुली झाली तेव्हा पाड्यावरची काही माणसं वाटाडे म्हणून कामाला लागली. त्यांत बाई एकच होती, गुंताबाई पावरा. मोह वेचायला, डिंक काढायला ती लग्न झाल्यापासून याच रानात फिरत आलेली. हातात कोयता घेऊन ती पुढे चालायची आणि वाटेत आलेल्या काटेरी फांद्या तोडत जायची.

चोरीचा सागही याच वाटेने खाली उतरायचा. खालच्या गावातला सुकदेव नावाचा माणूस पिकअप घेऊन पायथ्याशी उभा राहायचा आणि पाड्यांवरची पोरं ओंडके खांद्यावर वाहून त्याच्याकडे आणायची. त्या पोरांत गुंताबाईचा धाकटा दीर विक्रमही होता. ती नवरी होऊन आली तेव्हा विक्रम रांगत होता. सासू तेव्हा आजारपणाने अंथरुणाला खिळलेली. गुंताबाईने त्याला कडेवर घेऊन भाकरी थापल्या, ताप आला तेव्हा पाठीशी बांधून दवाखान्यात नेलं. तो काय करतो ते तिला ठाऊक होतं. एकदा तिने त्याला एवढंच बजावलं, "रविवारी माझी माणसं वाटेवर असतात. रविवारी रानात कुऱ्हाड नको."

विक्रमने मान डोलावली होती.

थंडीतल्या एका रविवारी जळगावहून कॉलेजात शिकवणाऱ्या सरिता मॅडम, त्यांचे यजमान कुंदन आणि त्यांच्या ओळखीचे चौघे आले. नाल्याच्या अलीकडे गुंताबाई थांबली. वरच्या अंगाला कुऱ्हाडी चालल्या होत्या. ती मागे वळून म्हणाली, "परत फिरा. बोलू नका." पण तोवर कुंदन दोन पावलं पुढे गेला होता आणि त्याने मोबाईल वर धरला होता. साग कडाडत कोसळला. पलीकडच्या माणसांनी मोबाईल पाहिला.

पहिला दगड झाडावर आदळला, दुसरा कुंदनच्या कपाळावर. तो गुडघ्यावर बसला आणि त्याचा चेहरा रक्ताने भरून गेला. सरिता किंचाळली. गुंताबाईने तिचं मनगट धरून तिला नाल्यात ओढलं, इतरांना खाली ढकललं आणि कुंदनला काखेत घालून स्वतः घसरत उतरली. वरून दगड येतच होते. एक तिच्या पाठीत बसला आणि तिचा श्वास कोंडला. नाल्याच्या तळाने ती सगळ्यांना वाकून चालवत पायथ्याकडे घेऊन निघाली.

नाला जिथे वाटेला मिळतो तिथे वरच्यांची हाकाटी ऐकून सुकदेव वाट अडवून उभा होता. आज लाकूड मोठं होतं म्हणून तो स्वतः वर आला होता. सोबत दोघे होते आणि त्यांतला एक विक्रम. त्याच्या हातात कुऱ्हाड होती.

"मोबाईल," सुकदेव म्हणाला.

"देऊन टाका, साहेब," गुंताबाई म्हणाली. कुंदनने दिला. सुकदेवने तो खडकावर आपटून फोडला. इतक्यावर निभावलं असतं, पण सुकदेवला राग आवरला नाही. त्याने हातातला दांडा कुंदनच्या पाठीत घातला. कुंदन पडला तरी तो मारत राहिला. सरिता मध्ये आली तेव्हा तिच्या खांद्यावरही मारलं. कोणीतरी रडत हात जोडत होतं.

गुंताबाईने कोयत्याच्या उलट्या बाजूने सुकदेवच्या दांडा धरलेल्या हातावर घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. सुकदेव ओरडला, "विक्रम, बघतोस काय? तोड तिला!"

विक्रम पुढे आला. "भाभी, कोयता टाक."

"बाजूला हो."

"भाभी, टाक म्हणतो!"

तिने कोयता खाली केला नाही. विक्रमने कुऱ्हाड उचलली आणि घातली. त्याला कोयता पाडायचा होता की हात, ते त्यालाच माहीत. कुऱ्हाड मुठीवर बसली. उजव्या हाताची दोन बोटं कोयत्यासोबत मातीत पडली.

 गुंताबाईने डाव्या हाताने विक्रमचा शर्ट गळ्याशी धरला आणि डोक्याने त्याच्या तोंडावर धडक दिली. त्याचं नाक फुटलं. ती त्याला सोडेना. तिच्या हाताचं रक्त त्याच्या छातीवरून ओघळत होतं आणि विक्रम तिला ढकलायचंही विसरून नुसता "भाभी, भाभी" म्हणत होता. तिसरा माणूस पळाला. सुकदेव मोडका हात छातीशी धरून उताराला लागला. शेवटी विक्रमने शर्ट फाडून सुटका करून घेतली आणि तोही रानात शिरला.

सरिताने आपली ओढणी तिच्या हाताला करकचून बांधली. गुंताबाई कुंदनला आधार देत पायथ्याच्या वनखात्याच्या चौकीपर्यंत चालत आली आणि तिथे ओट्यावर कोसळली.

जळगावच्या दवाखान्यात तिचा नवरा रुपसिंग भेटायला आला. पोलीस जबाब घ्यायला यायचे होते. तो खाटेशी बसून खालच्या आवाजात म्हणाला, "खडकावरून पडले म्हण. सुकदेवचं नाव घे हवं तर. विक्रमचं नको. म्हातारी आया जीव देईल."

"बोटं खडकाने कापली?"

"गुंता, तो आपला आहे."

"म्हणून तर," ती म्हणाली आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

रुपसिंग गेल्यावर चौकीवरचा वनमजूर पितांबर आत आला. तो अमळनेरकडचा. त्याने हळूच विचारलं, "अक्का, नाव सांगशी का? तुले भेव वाटस का?"

"वाटतंय," गुंताबाई म्हणाली. आणि पोलीस आले तेव्हा तिने दोन्ही नावं सांगितली, आधी विक्रमचं.

ती पाड्यावर परतली तर कोणी बोलेना. सासूने तिच्या हातचं पाणी सोडलं. एका दुपारी ती चौकीवर गेली असताना तिच्या शेळ्यांच्या गोठ्याला आग लागली. ती धावत आली तेव्हा बांधलेल्या शेळ्या जिवंत जळत होत्या, आणि माणसं लांबून पाहत होती. पाण्याची घागर घेऊन एकटा रुपसिंग धावला. त्याचे दोन्ही हात भाजले. एकही शेळी वाचली नाही. त्या दिवसापासून त्याने तिला पुन्हा कधी जबाब फिरवायला सांगितलं नाही.

अमळनेरच्या कोर्टात सुकदेवच्या वकिलाने तिला बराच वेळ छळलं. सरिता आणि कुंदन साक्षीला आले होते. गुंताबाईने हात वर करून दाखवला आणि समोर उभ्या विक्रमकडे बोट केलं. त्याने मान खाली घातली. दोघांनाही शिक्षा झाली. सुकदेव अपील करून जामिनावर बाहेर आला, विक्रमसाठी वकील करायला मात्र सुकदेवने माणूस पाठवला नाही.

गेल्या वर्षी विक्रम सुटून आला आणि थेट तिच्या दारात येऊन उभा राहिला. सुकलेला, गालफडं बसलेली. "भाभी," म्हणून तो पाया पडायला वाकला. गुंताबाईने दाराआडची काठी उचलली आणि त्याच्या पाठीत हाणली. तो हलला नाही. तिने पुन्हा हाणली, मग पुन्हा. सासू आतून ओरडत राहिली, रुपसिंग उंबऱ्यात उभा होता, पण कोणी अडवलं नाही. काठी मोडली तेव्हा ती धापा टाकत खाली बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. विक्रम तसाच वाकलेला.

"जेवला का?" रुपसिंगने त्याला विचारलं.

गुंताबाईने त्याला वाढलं नाही. पण चुलीवरची भाकरी सासूने उचलली, तेव्हा ती काही बोललीही नाही. दुसऱ्या दिवशी विक्रम मजुरीला सुरतेकडे गेला.

रविवारची माणसं अजून येतात. गुंताबाई पुढे चालते आणि रुपसिंग सगळ्यांच्या मागे. लाकूड आता दुसऱ्या खोऱ्यातून उतरतं म्हणतात.